इळ्यांचे पट्टे

माझी मोठी बहीण एसटीतून उतरली ती कंडक्टरशी भांडतच. तिच्या पोत्यातून एका इळ्याचं, म्हणजे विळ्याचं, टोक बाहेर आलं होतं आणि ते लागून शेजारच्या माणसाची पँट गुडघ्याखाली टरकली होती. तो माणूस खिडकीतून ओरडत होता, कंडक्टर त्याच्याहून मोठ्यानं, आणि बाई खाली उभी राहून दोघांनाही ऐकवत होती, "उतर न मंग बापा! इथंच शिवून देते. माह्या भावाचं दुकान हाय समोर." मोठ्या बहिणीला मी बाईच म्हणायचो. बस निघून गेली. मी पोतं उचलायला गेलो तर ते जागचं हललं नाही.

"काय भरलं व बाई इतकं?"

"इळे. अर्ध्या गावाचे इळे आणले तुह्यासाठी. तुह्या वाघाले पुरतात का ते पाह्य."

तुमसरच्या बसस्टँडपासून थोडं पुढं माझं वेल्डिंगचं दुकान आहे, घर त्याच्याच मागं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, टिनाचे शेड, ट्रॉल्यांची डागडुजी, असली कामं. आमचे बाबा राइस मिलमध्ये फिटर होते, लोखंडाची सवय त्यांच्यापासूनची. आई मी सहा वर्षांचा असताना गेली. तेव्हा बाई सोळा वर्षांची होती. तिनं शाळा सोडली, चूल धरली आणि मला वाढवलं. पुढं तिला नाकाडोंगरीच्या पलीकडं, जंगलाला लागून असलेल्या गावात दिलं. घरी धानाची थोडी शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. भाऊजी अबोल माणूस. त्यांना एकच मुलगी.

भंगारातून काहीबाही करायचा नाद मला उशिरा लागला. पावसाळ्यात बांधकामं थांबली की दुकानात काम नसतं. अशाच रिकाम्या दिवसांत मी दोन फुटकी फावडी, एक पकड आणि थोड्या सळया जोडून बगळा केला. पकडीची चोच झाली. दुकानासमोर उभा केला तर येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. मग कल्टिवेटरच्या फाळांचा बैल केला, सायकलच्या चेनचा नाग केला. बायको म्हणायची, "फाटकाचे लोक खोळंबले अन् तुमी खेळून राहिले." खेळच होता तो. पण ग्राइंडर बंद करून दोन पावलं मागं सरकायचं आणि मघाशी जे भंगार होतं ते आता आपल्याकडं पाहतंय, हे पाहायचं, असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

एक दिवस नागपूरचा एक माणूस गाडी थांबवून आत आला. जंगलाच्या फाटकाजवळ तो नवीन रिसॉर्ट बांधत होता. बैलाभोवती दोन चकरा मारून त्यानं विचारलं, "वाघ बनवशील? पूर्ण मापाचा. माझ्या गेटवर उभा राहील असा." त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो होतो. रिसॉर्ट बाईच्या गावापासून जवळच, हे मला नंतर लक्षात आलं आणि तेव्हा त्याचा आनंदच झाला. बाई येता-जाता माझं काम पाहील, असं वाटलं.

वाघाचा सांगाडा लवकर उभा राहिला. पाठीचा कणा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा, फासळ्या जाड सळयांच्या, अंगावर मिलमधल्या जुन्या चाळण्यांचा पत्रा ठोकून बसवला. अडलं ते पट्ट्यांपाशी. काळा रंग फासून पट्टे काढणं मला नको होतं. दुकानात बाबांचा एक जुना इळा होता. तो हातात घेऊन असाच वाघाच्या कुशीवर धरला आणि जागच्या जागी थबकलो. एका टोकाला रुंद, मध्ये वाकलेला, दुसऱ्या टोकाला निमुळता. वाघाचा पट्टा असाच असतो.

पण त्यासाठी इळे शेकड्यानं लागणार होते. बाईला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. मग ती घरोघर फिरली. आता धान कापायला मशीन येतं, इळे छपरात खोचून पडलेले असतात. "माहा भाऊ वाघ करून राहिला, पट्टे द्या," असं ती बायांना म्हणायची, आणि बायाही हसून काढून द्यायच्या. पोतं घेऊन ती आली ती अशी. त्या दिवशी तिनं अर्धवट वाघ पहिल्यांदा पाहिला. अंगावरून हात फिरवला, तोंडासमोर गेली आणि तोंडावर पदर धरला.

"काहून हसतं व?"

"हा तं बोक्या वाटते! दूध सांडून आला वाटते."

ते खरं होतं. मी तोवर दोनदा तोंड करून तोडलं होतं. जबडा उघडा, सुळे बाहेर, कॅलेंडरवर असतो तसा केला, तर तो जत्रेतल्या मुखवट्यासारखा दिसायचा. मी मोकळा वाघ कधी पाहिलेला नव्हता. लहानपणी नागपूरला पिंजऱ्यात एक पाहिला होता, तो पाठ करून झोपलेला. मोबाईलवर पाहून पाहून डोळे दुखायचे, पण तोंड काही जमेना. बाई म्हणाली, "होईल. तुले सारं उशिरानंच जमते." जेवली, बायकोला मोहफुलांचं एक गाठोडं दिलं आणि चारच्या बसनं गेली. मी तिला बसमध्ये बसवून दिलं. मागं वळून पाहिलं की नाही, आठवत नाही. पट्ट्यांचं काम डोक्यात होतं.

त्यानंतर महिन्याभरानं, चैत्रातल्या एका सकाळी, मी वाघाच्या पुढच्या पंजावर ग्राइंडर चालवत होतो. खिशात फोन थरथरत राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ग्राइंडर बंद करून फोन घेतला. भाची होती.

"मामा, आईले वाघानं नेलं."

मला वाक्य कळलं, अर्थ कळला नाही. समोरच वाघ उभा होता. मी म्हणालो, "कोणता वाघ?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल. तिकडून ती म्हणाली, "मामा, तू ये न. तू ये." मागं बायांचा आक्रोश ऐकू येत होता.

बायकोला मागं बसवून मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा जंगलाच्या कडेला सगळं गाव लाठ्याकाठ्या घेऊन उभं होतं. वनखात्याची माणसं होती, पोलीस होते. भाऊजी एका बांधावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर कुऱ्हाड होती. ती त्यांच्या हातातून घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी जाऊन घेतली. दांड्यावर आवळलेली त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

काय झालं ते तिच्यासोबतच्या बायांनी सांगितलं. झुंजुमुंजू होता होता पाच जणी मोह वेचायला गेल्या होत्या. एकेका झाडाखाली एकेक जण. बाई वाकून वेचत होती. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, असं वनखात्याचा एक जण म्हणाला. ती ओरडलीच नाही. टोपली कलंडल्याचा आवाज झाला म्हणून शेजारच्या झाडाखालचीनं मान वर केली, आणि तिथं बाई नव्हती. मग त्या ओरडत गावाकडं पळाल्या आणि भाऊजी कुऱ्हाड घेऊन गावातून धावले. सगळ्यांच्या पुढं तेच होते.

बाईला चादरीत बांधून आणलं होतं. आमच्या घरात ती सगळ्यांत उंच, बाबांपेक्षाही. चादरीतलं गाठोडं तेवढं लांब नव्हतं. याहून जास्त मला लिहायचं नाही.

तुमसरच्या सरकारी दवाखान्यात चिरफाड झाली, पुन्हा गावी नेलं, आणि दुपारी बावनथडी नदीच्या काठावर अग्नी दिला. तेरवीपर्यंत मी तिथंच राहिलो. भाची चुलीपुढं बसून असायची, येणाऱ्याला चहा द्यायची. रडताना मी तिला एकदाच पाहिलं. पाणी भरायला म्हणून गेली आणि हंडा रिकामाच घेऊन आली, तेव्हा.

दुकान उघडलं तेव्हा वाघ ताडपत्रीखाली होता. बायकोनं झाकला होता. ती म्हणाली, "हे इथून काढा. नाई तं तोडून कबाड्याले देऊन टाका. मी याच्याकडं पाठ करून सैपाक करू शकत नाही."

रिसॉर्टच्या मालकाचा फोन आला. चांगला बोलला. बहिणीचं ऐकलं, वाईट वाटलं, म्हणाला. तुला करायचं नसेल तर करू नकोस, मी दुसरं काही तरी लावेन गेटवर. त्यानं मला पुरतं मोकळं केलं होतं. मी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, पूर्ण करतो.

पैशासाठी केलं म्हणालो असतो तर लोकांनी समजून घेतलं असतं. तसं नव्हतं. ताडपत्री काढली तेव्हा मला तो आवडला होता. बाई गेल्यावर अवघ्या पंधरा-वीस दिवसांत मी त्याच्या कुशीवरून हात फिरवत होतो आणि मनात एवढंच होतं की याला तोंड मिळालं पाहिजे. हे मी बायकोलाही बोललो नाही.

बाजाराच्या दिवशी बाईच्या गावच्या दोघी जणी दुकानावर आल्या. दोघी त्या सकाळी मोहाखाली होत्या. पाणी दिलं ते त्यांनी तसंच ठेवलं.

"आमचे इळे दे बापा," त्यातली वयानं मोठी म्हणाली.

"कोणते, मावशी?"

"वाघाले लावले ते. गावात सारे बोलून राहिले. त्याच्या आंगावर आमच्या हातचे इळे नको."

मी खाली पाहून म्हणालो, "ते आता निघत नाही, मावशी. पक्के झाले."

ते खोटं होतं. एकेक इळा वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर बसवला होता. ग्राइंडर लावला असता तर एकाला मिनिटही लागलं नसतं. पण पट्टे निघाले असते तर वाघ राहिला नसता.

 मग दुसरी म्हणाली, "मंग मुठी? मुठी कुठं हायत?"

वेल्डिंग करताना लाकूड जळतं म्हणून मी सगळ्या इळ्यांच्या मुठी काढून एका ड्रममध्ये टाकल्या होत्या. ड्रम आडवा करून दिला. दोघी जमिनीवर बसल्या आणि एकेक मूठ हातात धरून, मनगट वळवून पाहू लागल्या. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. त्यांना ओळखता येत होतं, ही सासूची, ही जाऊची, ही माही. तासभर त्या निवडत होत्या. आपल्या पोत्यात भरल्या. उठताना मोठीनं एक मूठ माझ्या ऐरणीवर ठेवली.

"ही तुह्या बहिणीची."

बाईनं स्वतःचाही इळा दिला होता हे मला माहीत नव्हतं. त्या गेल्यावर मी वाघाभोवती फिरून बराच वेळ शोधलं. सगळी पाती घासून, तापवून काळी केली होती. तिची कोणती ते ओळखायला काही खूण नव्हती.

एवढं झाल्यावर तरी थांबायला हवं होतं.

ज्येष्ठात भाऊजी तुमसरला आले, मृत्यूच्या दाखल्यासाठी. काम लवकर आटोपलं म्हणून बसच्या वेळेपर्यंत दुकानात येऊन बसले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चहा अर्धाच घेतला. मग ताडपत्रीकडं मान करून म्हणाले, "दाखव."

"राहू द्या, भाऊजी."

"दाखव न. तिनंच तं दिले ना इळे."

मी ताडपत्री ओढली. भाऊजी उठले नाहीत. स्टुलावर बसल्या बसल्या त्याला शेपटीपासून पाहत आले आणि जिथं मुंडकं हवं तिथं नुसत्या सळया पाहून थांबले.

"तोंड?"

"जमत नाही. दोनदा केलं, तोडलं."

 रस्त्यावरून धानाचा ट्रॅक्टर गेला. मग मी विचारलं. मीच विचारलं, त्यांनी आपणहून काही काढलं नव्हतं.

"भाऊजी, तुमी पाह्यलं होतं त्याले जवळून?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूहळू सांगायला लागले. त्या दिवसापासून त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, हे मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. वाक्य अर्धं सोडून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

"पळसाच्या झुडपामांगं होता. इथून त्या पानठेल्याएवढा लांब. बसला होता. ती त्याच्या पुढं होती. मी बोंबललो. बोंबललो तं उठून पळंन, असं वाटलं. नाही पळाला. नुसतं पाह्यलं. म्हशीच्या पुढून चारा ओढला तं म्हैस पायते का नाही, तसं. राग नाही, काही नाही."

"तोंड उघडं होतं?"

"नाही. मिटलं होतं. खालून ओलं होतं."

"अन् कान?"

"एक कान माह्याकडं होता. एक मांगं. मांगं गाव येऊन राह्यलं होतं ना, त्याचा आवाज." भाऊजींनी हाताची दोन बोटं डोक्याला लावून दाखवली. "डोरे लहान. मोठे नसतात बापा ते चित्रातल्यासारखे. लहान अन् पिवरे. माह्याकडं पायतच नव्हता. माह्यातून पल्याड पायत होता."

भाऊजी डोळ्यांना डोरे म्हणतात. मी तोवर खडू उचलला होता आणि पायाजवळच्या फरशीवर काढायला लागलो होतो. जबडा मिटलेला. एक कान पुढं, एक मागं. डोळे लहान, खाली सरकवलेले.

"माह्या हातात कुऱ्हाड होती," भाऊजी म्हणाले. "पंधरा पावलं होती. मी उभाच राह्यलो. पाय उचलला नाही. गाव आलं तवा तो उठला, अन् चालत गेला. पळाला नाही, चालत गेला. तवापर्यंत मी उभाच होतो."

 मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. म्हणायला हवं होतं, भाऊजी, तुमी काय करणार होता, ती तेव्हा गेलेलीच होती. मी खडू धरून विचारलं, "मान खाली होती का वर?"

ते थांबले. फरशीवरचं चित्र त्यांना तेव्हा दिसलं. 

"खाली," म्हणाले. मग पिशवी उचलली आणि बसला अजून वेळ असताना निघून गेले.

तोंड मी दोन दिवसांत केलं. गालांना राइस मिलच्या एलिव्हेटरचे, धान वर चढवणारे डबे कापून वळवले, नाकाला जुन्या सबलीचं म्हणजे पहारीचं टोक, डोळ्यांना दोन लहान बेअरिंग, तेही अर्धे झाकलेले. जबडा मिटवला. शेवटचा टाका मारून तोंडावरची काच वर केली आणि मागं सरकलो तर पाठ भिंतीला लागली. बायको दारात आली, पाहिलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी मला ताट वाढून ती मागच्या दारी जाऊन बसली. मला भूक चांगली लागली होती.

मालकाला आधी सुळे दाखवणारा वाघ हवा होता. येऊन पाहिल्यावर त्यानं सुळ्यांची गोष्ट काढली नाही. फक्त म्हणाला, "हा कुठे पाहिलास तू?"

वाघ ट्रॉलीवर चढवून न्यायचा होता आणि रस्ता बाईच्या गावातूनच जातो. मी त्याला दोन ताडपत्र्यांत गुंडाळून दोरीनं करकचून बांधलं. तरी आकार लपला नाही. गावातून ट्रॅक्टर हळू चालवावा लागतो, म्हशी आडव्या येतात. लोक ओट्यावरून उठून उभे राहिले. कोणी काही बोललं नाही, कोणी दगडही उचलला नाही. तेच जड गेलं. बाईच्या घरासमोर भाची अंगण झाडत होती. झाडू तसाच धरून ती उभी राहिली. मी ट्रॉलीत वाघाजवळ बसलो होतो, तोल जाऊ नये म्हणून एक हात त्याच्या पाठीवर होता. तो काढून घ्यावा असं वाटलं, पण ट्रॉली हिसके देत होती.

आठवड्यानं भाची दुकानावर आली, एकटीच. लहानपणापासून ती मला अरे-तुरे करायची, माझ्या पाठीवर बसून मोठी झालेली पोर. आत आली आणि म्हणाली, "मामा, तुमी बाबाले काय विचारलं?"

तुमी म्हणाली ते मला आधी ऐकू आलं, प्रश्न नंतर.

"काय झालं व?"

"ते जेवत नाही. बोलत नाही. मले म्हणते, मी उभा होतो. तेवढंच म्हणते. आधी असं नव्हतं. तुमच्याकडून आले तवापासून. काय विचारलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, "वाघाचं तोंड कसं होतं ते विचारलं."

ती माझ्याकडं पाहत राहिली. फरशीवर खडूच्या रेघा अजून होत्या, अर्ध्या पुसलेल्या. तिनं त्या पाहिल्या की नाही, माहीत नाही.

"अन् त्याईनं सांगतलं?"

"हो."

"अन् तुमी काढून घेतलं."

मी तिला बसायला स्टूल पुढं केलं. ती म्हणाली, "आई म्हणे, माहा भाऊ भोळा हाय, त्याले काही समजत नाही. तुमाले सारं समजते, मामा." आणि गेली. ओरडली नाही, रडली नाही. मी रस्त्यापर्यंत मागं गेलो, तर ती बसस्टँडकडं भराभर चालत होती.

भाऊजी पुढं हळूहळू सावरले, निदान कामाला लागले. पण त्यांच्या शेताचा रस्ता रिसॉर्टच्या गेटवरून जातो. ते आता नाल्यातून, मागच्या बाजूनं जातात. पावसाळ्यात नाला भरला की शेतावर जाणं होत नाही. एक वर्षी त्यांची धानाची रोवणी त्यामुळं मागं पडली, हे मला गावातल्या दुसऱ्याच माणसाकडून कळलं. वाघ हलवता येईल का, म्हणून मी मालकाकडं गेलो होतो. तो म्हणाला, आता लोक त्याच्यासाठीच येतात. गेटवर एक कुटुंब वाघाला टेकून फोटो काढत होतं. एका बाईनं त्याच्या मिटलेल्या जबड्यावर तळहात ठेवला होता आणि ती हसत होती. मी तिथून तसाच परत आलो.

त्यानंतर मला कामं आली. शहापूरकडं हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला तसाच वाघ हवा होता. नाही म्हणायचं ठरवून गेलो आणि माप घेऊन आलो. तो वाघ मी बाजारातून नवीन इळे आणून केला. तोंड करायला एक दिवस पुरला. हात आपोआप चालले, काही आठवावं लागलं नाही, आणि तेच मला सगळ्यांत भयंकर वाटलं. त्यानंतर वाघ केला नाही. बैल करतो, पक्षी करतो, ते पहिल्यासारखे होत नाहीत. लोक घेतात. फाटकांचं काम जास्त घेतो.

मागच्या वैशाखात भाचीचं लग्न झालं. पत्रिका भाऊजी स्वतः घेऊन आले. उंबऱ्यावर उभ्या उभ्याच दिली आणि म्हणाले, "या सारे." मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं. मी नवं धोतर घेतलं होतं, फेटा घेतला होता. सकाळी पोचलो तर समजलं, तो मान भाऊजींच्या आतेभावाला दिला आहे. कोणी ठरवलं, ते मी विचारलं नाही. फेटा मी पिशवीतच ठेवला. अक्षता टाकताना मी पाहुण्यांत, मागच्या ओळीत उभा होतो. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, आणि भाची बाईसारखीच उंच दिसत होती.

पंगत उठत आली तेव्हा भाऊजी गर्दीतून माझ्याकडं आले. अंगावर नवा कोरा सदरा, त्यावर हळदीचे डाग.

"जेवला काय?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मंग बस न. काहून उभा हाय?"

त्यांनी एका पोराला हाक मारून पत्रावळ आणायला सांगितली आणि माझ्यासाठी जागा करायला लावली. मी बसलो. पत्रावळ वाढून होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मग कोणी तरी त्यांना हाक मारली आणि ते गेले.